साफ्ताला झोपू द्या

पोयाना, सोमवार, ११ नोव्हेंबर १९९६

प्रिय भाची रुक्सांद्रा,

काल रविवारी मी तुझ्या वॉर्डात आलो होतो हे तू पाहिलंसच. तुला बोलायला सवड नव्हती आणि सगळ्या खाटांसमोर बोलण्यासारखं ते नव्हतंही, म्हणून लिहितो. चार इयत्तांचं अक्षर आहे, चालवून घे. पत्र तोआदेरच्या हाती देतोय, त्याची बस रोज इस्पितळावरूनच जाते.

तुझी मामी ओरडत होती. खुबा मोडलेली, तीन दिवसांपूर्वी हाडात खिळा बसवलेली बाई ओरडणारच. चादर ओली होती. मी म्हटलं, "रुक्सांद्रा, बाळ, मामीकडे बघ ना." तू म्हणालीस, "बघते मामा, थांबा," आणि आमच्या खाटेवरून सरळ पुढे गेलीस, त्या झांफिराबाईंकडे. ती बाई छताकडे बघत पडली होती. हूं नाही की चूं नाही. तू तिचा हात धरून उभी राहिलीस, मग डॉक्टरांना हाक, मग ढकलगाडी, मग पळापळ. पाऊण तास साफ्ता ओल्यात पडून होती, मी घड्याळ लावून बघितलं. समोरच्या खाटेवरची म्हातारी मला म्हणते, "आजोबा, सिस्टर तुमची भाची ना? मग आम्ही परक्यांनी काय आशा ठेवायची?" सगळा वॉर्ड हसला. माझे कान तापले.

दुसरी गोष्ट. गुरुवारी मी तुझ्या टेबलावर कॉफीचा पुडा ठेवला होता. काल निघताना तू तो माझ्या पिशवीत परत कोंबलास. कॉफी परत करणारी सिस्टर मी जन्मात पाहिली नाही. माझ्या आईच्या दुखण्यात सिस्टरने कोंबडी घेतली, वडिलांच्या दुखण्यात अंडी घेतली, आणि दोघांकडे नीट लक्ष दिलं. बसमध्ये मी तोआदेरला विचारलं, याचा अर्थ काय. तो म्हणाला, "अर्थ काय विचारता? दुसऱ्या कुणी जास्त दिलंय." झांफिराबाईंच्या मुलाचं खाटकाचं दुकान आहे असं ऐकतो. मी काही म्हणत नाही.

घरी डुक्कर ओरडतंय, चूल धूर करते आणि मोज्यांचा जोड सापडत नाही. ती कुठे काय ठेवते देव जाणे. मामीकडे बघ. तू रक्ताची आहेस.

तुझा मामा,
घेरासिम


मंगळवार, १२ नोव्हेंबर

प्रिय मामा,

झांफिराबाई गप्प होत्या म्हणूनच मी त्यांच्याकडे गेले.

सकाळी त्या मला सुपावरून बोलत होत्या, मीठ नाही म्हणून. दुपारी तुम्ही आलात तेव्हा त्यांनी बोलणं सोडलं होतं. हात गार आणि ओला, ओठ पांढरे, नाडी पळत होती. आत रक्त वाहत होतं, मामा. त्यांना लगेच टेबलावर घेतलं. आज त्या पुन्हा सुपावरून बोलतायत. मामी ओरडत होती, म्हणजे तिच्यात ओरडण्याइतकं बळ होतं. ओली चादर वाईटच, पण ती पाऊण तास थांबू शकते. बत्तीस खाटा आणि आम्ही दोघी. रोज मला ठरवावं लागतं कोण थांबू शकतं. तुमच्यासमोर मामीला थांबवणं मला सोपं गेलं असं समजू नका.

कॉफीचं म्हणाल तर, एकदा पुडा घेतला की आधी कुणाकडे जायचं ते पुडा ठरवतो. झांफिराबाईंच्या मुलाचंही मी परत केलं. तो तुमच्यापेक्षा जास्त रागावला.

मामीला मी दर दोन तासांनी कुशीवर वळवते, उठवून बसवते, बाटलीतल्या पाण्यात नळीने फुंकायला लावते. तिला ते दुखतं. दुखलं तरी करायचं, कारण या वयात माणूस खुब्याने जात नाही, पडून राहण्याने जातं. काल ती मला म्हणाली, "तुझ्या आईने तुला दगडावर जन्म दिला." मला बरं वाटलं. असली शिवी द्यायला छाती भरून श्वास घ्यावा लागतो.

मोजे पलंगाखालच्या पेटीत आहेत, असं तिने सांगितलंय.

तुमची,
रुक्सांद्रा


पोयाना, शुक्रवार, १५ नोव्हेंबर

प्रिय रुक्सांद्रा,

पत्र मिळालं. मोजे मिळाले. तुझं सगळं पटलं. मी अडाणी माणूस, मला काय कळतं. सोबत थोडे पिकलेले पेर पाठवतो. ते तरी परत करू नकोस, घरच्या झाडाचे आहेत.

काल मामीला भेटून आलो. तू ड्युटीवर नव्हतीस. ती माझा हात धरून रडली. म्हणाली, "घेरासिम, तुझी भाची मला पिठासारखी तिंबते. डोळा लागला की उठवते. मला घरी ने, नाहीतर तिला सांग मला झोपू दे." पंचेचाळीस वर्षांत ही बाई माझ्यासमोर दोनदा रडली असेल. मी तिला शब्द दिला की तुला आता कुणी छळणार नाही. पेशंटला असं म्हणावं लागतं, तू मनावर घेऊ नकोस.

शहरात कचेरीत थोडं काम होतं, ते करून आलो. बूट ओले झाले. आजपासून नाताळचा उपास सुरू झाला, मी बटाटे आणि लोणच्याच्या कोबीवर आहे. पाद्री म्हणाले आजाऱ्याला उपास नाही, तेव्हा मामीला अंडं देत जा.

तुझा मामा,
घेरासिम


बुधवार, २० नोव्हेंबर

मामा,

तुमचं कचेरीतलं काम मला काल समजलं. संचालकांनी मला बोलावून कागद पुढे ठेवला. "नात्यातल्या आजारी बाईला ओल्यात टाकून दुसरीकडे रमली. वेदना होत असताना मुद्दाम हलवते. झोपू देत नाही." खाली तुमची सही. तारीख चौदा. पंधरा तारखेला तुम्ही मला पेर पाठवलेत.

मी त्यांना सांगितलं ते तुम्हाला लिहिलेलंच होतं. ते म्हणाले, "रुक्सांद्रा, तुझं बरोबर असेल, पण कागद आलाय. सख्ख्या मामाचा कागद आलाय. मी काय करू?" आजपासून मी तळघरात आहे. इथे उपकरणं उकळायची आणि मोजून वर पाठवायची. माझी इथे कुणाशी भांडणं होणार नाहीत, चिमटे ओरडत नाहीत.

माझ्या जागी नेला आली आहे. मुलगी वाईट नाही, पण तिला सगळ्यांनी चांगलं म्हणावं असं वाटतं. तिला तुम्ही तीन गोष्टी सांगा, माझं ती आता ऐकणार नाही. मामीला वळवायचं, बसवायचं, फुंकायला लावायचं. ती कितीही ओरडली तरी. दुखण्याचं इंजेक्शन मागेल तेव्हा नाही, वेळेवर द्यायचं. हे मी तुमच्यासाठी लिहीत नाही. मामीसाठी लिहिते.

रुक्सांद्रा


पोयाना, गुरुवार, २८ नोव्हेंबर

रुक्सांद्रा,

हे पत्र पोस्टाने पाठवतो. तोआदेर पत्रं उघडतो असा मला संशय आहे. परवा म्हणाला, "काय हो, भाचीला तळघरात बसवलंत म्हणे?" मी सांगितलं नव्हतं.

तू रागावली आहेस. रागव. मी माझ्या बायकोसाठी केलं, कुणाही नवऱ्याने केलं असतं. आता निकाल ऐक, मग ठरव कोण बरोबर.

मी नेला सिस्टरला कॉफी दिली. दोन्ही हातांनी घेतली, "कशाला हो काका," म्हणाली आणि लगेच पिशवीत टाकली. असं असतं माणूस. मी तिला म्हटलं, "माझी एकच मागणी आहे. साफ्ताला झोपू द्या. वळवू नका, उठवू नका, कण्हली तर इंजेक्शन द्या." ती म्हणाली, "काका, निश्चिंत जा. मावशींना कुणी बोट लावणार नाही."

आणि खरंच लावत नाही. आज गेलो होतो. साफ्ता शांत झोपली होती. पूर्वी अख्ख्या वॉर्डाला ऐकू जायची, आज मी शेजारी बसलो तरी आवाज नाही. मी हाक मारली तेव्हा डोळे उघडले, हसली, मला "इलारिओन" म्हणाली. तो तिचा भाऊ. मी म्हटलं, "अगं, मी तुझा नवरा, की तोही विसरलीस?" पण तेवढ्यात पुन्हा झोप लागली. जेवण मागत नाही, सूप तसंच राहिलं होतं. नेला म्हणाली विश्रांतीत भूक कमी लागते. श्वास पाखरासारखा भराभर चालतो पण त्रास दिसत नाही. नखं जरा निळसर वाटली, खिडकीची फट आहे त्यातून वारा येतो, मी ती वर्तमानपत्राने बुजवली आणि तिच्या हातांत लोकरीचे मोजे चढवले. पंचेचाळीस वर्षांत मी तिला दिवसाढवळ्या इतकी निवांत पाहिली नाही.

इस्पितळाच्या वहीत मी नेलाचे आभार मानून आलो. तिथल्या कारकुनाने शुद्धलेखन दुरुस्त करून दिलं.

घेरासिम


पोयाना, गुरुवार, १२ डिसेंबर

रुक्सांद्रा,

दफनाला तू आलीस आणि फाटकापाशी उभी राहिलीस. आत ये म्हणायला मला तोंड नव्हतं आणि तूही आली नाहीस. म्हणून लिहितो. तोआदेरच्याच हाती देतोय. वाचेल तर वाचू दे.

सकाळी सहाला तापमान घ्यायला गेले तेव्हा ती गार होती म्हणतात. कोणत्या वेळी गेली कुणाला ठाऊक नाही. जाताना हातात पेटती मेणबत्ती नव्हती. तुला माहीत आहे आमच्याकडे हे काय असतं. कुत्र्यामांजरासारखी अंधारात गेली असं बायका बोलतात, मी ऐकतो आणि ऐकलं नाही असं दाखवतो. मी नेलाला विचारलं, "तुम्ही बघितलं नाहीत?" ती रडायला लागली. "काका, त्या झोपल्या होत्या. तुम्हीच म्हणालात झोपू द्या."

पाच जानेवारीला चाळिसाव्याचं जेवण आहे. इलारिओन येणार, तिच्या माहेरचे सगळे येणार. तो मला विचारणार, खुबा मोडून कुणी मरतं का. मी काय सांगू? तुला समजतं, तू शिकलेली आहेस, तुझ्या शब्दाला वजन आहे. तू मला एक ओळ लिहून दे. काहीही केलं असतं तरी ती गेली असती, एवढी एक ओळ. मी ती वाचून दाखवीन आणि तोंडं बंद होतील. तळघराबद्दल मी संचालकांना भेटेन, कागद मागे घेईन.

मला झोप येत नाही. डोळा लागला की वाटतं आपण फार वेळ झोपलो. डुक्कर अजून मारलेलं नाही. सॉसेजमध्ये ती काय काय घालायची ते मला माहीत नाही.

मामा


गुरुवार, १९ डिसेंबर

मामा,

तुम्ही मागितलेली ओळ मी लिहू शकत नाही, कारण मला ते माहीत नाही. कदाचित गेलीही असती. वय होतं, हृदय थकलेलं होतं. पण "काहीही केलं असतं तरी" हे मी कसं लिहू, जेव्हा काहीच केलं गेलं नाही?

तुमचं अठ्ठावीस तारखेचं पत्र पोस्टाने मला तीन डिसेंबरला मिळालं. मामीला पुरल्याच्या दुसऱ्या दिवशी. ते मी उपकरणांच्या टेबलाशी उभी राहून वाचलं. त्यात सगळं आहे, मामा. तुम्ही मोठ्या डॉक्टरांपेक्षा नीट पाहिलंत. जी बाई ओरडायची ती गप्प झाली. माणूस ओळखेना. अन्न मागेना. श्वास भराभर आणि वरवर. नखं निळी. झोपलेल्या माणसाचा श्वास संथ असतो. ती झोपली नव्हती, ती बुडत होती. एकाच बाजूवर पडून राहिल्याने फुफ्फुसात कफ साचत गेला, इंजेक्शनांनी तिला खोकूही दिलं नाही. तुम्ही खिडकीची फट बुजवलीत. त्या वेळी कुणालाही हाक मारली असतीत, झाडूवाल्या बाईलासुद्धा, आणि म्हणाला असतात की माझी बायको मला ओळखत नाही, तर डॉक्टर धावले असते. पण तुम्हाला ते चांगलं लक्षण वाटलं, कारण तुम्ही तेच मागितलं होतं.

नेलाला एकटीला दोष देऊ नका. तिची चूक आहे, आणि ती तिला आयुष्यभर पुरेल. पण पुडा घेऊन तिने तुमचं ऐकलं. मी तो परत केला तो यासाठीच, की तुमचं ऐकावं लागू नये. तुमच्या काळजीचा अर्थ तुम्हाला कळत नव्हता. तो कळावा म्हणून आम्हाला तीन वर्षं शिकवतात, आणि तरीही चुकतो.

आता तिसऱ्या पानावर माझं लिहिते. तुमच्या दोन पानांनंतर हे लिहिलं नाही तर मी खोटी ठरेन.

सत्तावीस तारखेला, बुधवारी, मी उपकरणांचा ट्रे घेऊन वर गेले होते. वॉर्डाच्या दारातून मामी दिसली. तोंड उघडं, मान एका बाजूला. आठ पावलांवर होती. वीस वर्षांत असल्या चेहऱ्यापाशी न थांबता मी कधी पुढे गेले नाही. नेला म्हणाली, "ताई, हा तुमचा वॉर्ड नाही आता. मामांनीच लिहून दिलंय ना तुमच्याबद्दल?" मी तिला ढकलून आत जाऊ शकत होते. पण माझ्या मनात आलं, त्यांना अशीच हवी होती ना, गप्प? मग घ्या. आणि ट्रे ठेवून मी खाली आले. श्वास मोजायला अर्धं मिनिट लागतं. ते अर्धं मिनिट मी रागापायी दिलं नाही. ती त्यानंतर तीन दिवस जगली. तीन दिवसांत बरंच काही करता येतं.

हे जेवणाच्या दिवशी वाचून दाखवायचं असेल तर तिन्ही पानं वाचा. नाहीतर वाचू नका.

रुक्सांद्रा


पोयाना, मंगळवार, ७ जानेवारी १९९७

रुक्सांद्रा,

दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहितो.

परवा जेवण झालं. चाळीस माणसं होती. शेजारणींनी गव्हाचा गोड घाटा केला, कोबीच्या पानातला भात केला. भात जरा कच्चा राहिला. पाद्री गेल्यावर इलारिओनने पेला खाली ठेवला आणि सगळ्यांदेखत विचारलं, "घेरासिम, माझी बहीण शिडीवरून पडली, गाडीखाली सापडली नाही. खुब्याने माणूस मरतं का? सांग ना. का तिथे कुणाचं लक्षच नव्हतं?" चमचे थांबले. सदऱ्याच्या खिशात तुझं पत्र होतं. मी म्हटलं, "सिस्टरनेच लिहिलंय, ऐक."

आणि तिसरं पान वाचलं.

फक्त तिसरं. "सत्तावीस तारखेला" पासून सुरू केलं आणि "बरंच काही करता येतं" इथे थांबलो. मी हे आधी ठरवलं नव्हतं, हे तुला पटणार नाही. पण खिशात हात घातला तेव्हा ते पान वेगळं घडी केलेलं होतं, आणि ती घडी मीच घातलेली होती.

इलारिओन उभा राहिला. "दारातून बघितलं आणि गेली? सख्खी भाची?" बायका छातीवर क्रूसाची खूण करत होत्या. कुणीतरी म्हणालं, तिला तळघरात टाकलं ते उगाच नाही. मी मान खाली घालून बसलो आणि सगळ्यांना वाटलं मी दुःखाने बसलोय. सूप वाढणाऱ्या बाईने माझ्या ताटात मोठा तुकडा टाकला.

तुझी आई माझ्या समोरच बसली होती. तिने हात पुढे करून कागद घेतला, चष्मा लावला. म्हणाली, "घेरासिम, इथे वर तीनचा आकडा आहे. एक आणि दोन कुठे आहेत?" मी म्हटलं, "चूल पेटवताना चुकून गेली, आग्रिपिना." ती माझ्याकडे बघत राहिली. आम्ही एका खाटेवर वाढलो, तिला माझा चेहरा वाचता येतो. मग तिने रुमाल बांधला आणि काही न खाता निघून गेली. बाहेर बर्फ होतं. तिला सोडायला कुणी उठलं नाही, मीही नाही.

इलारिओन संचालकांना लिहायचं म्हणतो. त्याला लिहिता येत नाही, तेव्हा त्याने मला सांगितलं. मी आधी नाही म्हटलं, मग हात थरथरतो म्हटलं. तो म्हणाला, "थरथरत्या हाताने लिही, ते जास्त खरं वाटेल." काल तुझ्याविरुद्धचा कागद लिहून दिला. शेवटी त्याने अंगठा उठवला. या वेळी माझी सही नाही.

तू म्हणशील, मामा, असं का. मी इथे राहतो, रुक्सांद्रा. रोज पाण्याला जातो, रविवारी देवळात जातो, तिच्या माहेरच्यांच्या दारावरून जातो. तू शहरात आहेस. तुला ते काय करतील, फार तर तळघरातच ठेवतील, तिथे तू आहेसच. मला मात्र या लोकांनी पुरायचं आहे.

पहिली दोन पानं चुलीत गेलेली नाहीत. माझ्याकडे आहेत. रोज वाचतो. फुफ्फुसाचं आणि नखांचं मला आता पाठ झालंय. ती तू मागू नकोस. मागितलीस तर मी म्हणेन अशी पानं कधी नव्हतीच.

माझं अठ्ठावीस तारखेचं पत्र तुझ्याकडे आहे, हे मी विसरलेलो नाही. ते आग्रिपिनाच्या हातात पडलं तर मी या गावात संपलो. पण तू ते कुणाला दाखवणार नाहीस. मी तुला लहानपणापासून ओळखतो. तू दाखवणार नाहीस हे माहीत होतं म्हणूनच मी तिसरं पान वाचू शकलो.

तुझा मामा,
घेरासिम